टिळकवाडीतील समुपदेशन केंद्र : एका आईचा अनुभव

मुलगे आवडतात तशा मुलीही आवडतात, असे माझ्या 21 वर्षांच्या लेकीने सांगितले तेव्हा आम्ही आधी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लग्न झाले की सारे निवळेल, असे बजावले. ते काही पटेना, म्हणून खानापूरहून बेळगाव गाठून टिळकवाडीतील एका समुपदेशन केंद्रात वेळ घेतली.

अर्ज मराठीतही होता, हे सीमाभागात अप्रूपच. पण त्यात ‘उभयलिंगी’ असे छापलेले पाहून मला शाळेतली जास्वंद आठवली, एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असलेली. समुपदेशक बाईंनी तो शब्द खोडून ‘उभयलैंगिक’ लिहिले आणि प्रश्न शरीराच्या घडणीचा नसून ओढीचा आहे, असे सांगितले. मग अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्सी यांची 1948 मधील 0 ते 6 ही पट्टी त्यांनी पेन्सिलीने आखली : 0 म्हणजे केवळ भिन्नलिंगी ओढ, 6 म्हणजे केवळ समलिंगी. लेकीने बोट 2 वर ठेवले आणि जरा थांबून 3 कडे सरकवले.

हे हल्लीच्या पोरांचे खूळ तर नव्हे, असे मी विचारले. त्यावर बाईंनी अमेरिकेतील गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेचे आकडे सांगितले : स्वतःला एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक किंवा पारलिंगी म्हणवणारे प्रौढ 2012 मध्ये 3.5 टक्के होते, ते 2024 मध्ये 9.3 टक्के झाले, त्यांत निम्म्याहून अधिक उभयलैंगिक, आणि तरुणींचे प्रमाण विशेष. ओढ, वर्तन आणि आपण स्वतःला दिलेले नाव या तीन वेगळ्या गोष्टी असून नाव उघड घेण्याची भीती कमी झाल्याने आकडा वाढत असावा, हे त्यांचे म्हणणे मला पटले. आमच्या वेळी ‘जिवलग मैत्रीण’ या शब्दात पुष्कळ काही मावत असे. मलाही एक आठवली, पण तो विषय मी तिथे काढला नाही.

असा लैंगिक कल बदलण्याच्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हेही तिथेच कळले.

पन्नास मिनिटांचे 800 रुपये जड वाटले नाहीत. प्रतीक्षाकक्षात पूर्ण नाव मोठ्याने पुकारण्याची पद्धत मात्र तातडीने बंद व्हावी. त्या दिवशी समोरच्याच बाकावर आमच्या गल्लीतल्या एक काकू बसल्या होत्या.