बॅलन्स कन्फर्मेशनवर सही करण्याआधी हे वाचा

१८,६४,३२० रुपये. २३ बिलं. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आणि सहा माणसं. ज्या कंपनीत हे पैसे अडकले तिला मी अकरा वर्षं बुश आणि स्पेसर हे मशीनचे छोटे सुटे भाग करून देत होतो. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. धंद्यात उधारी बुडते हे मलाही कळतं. पण इथे नुसती उधारी बुडाली नाही. त्यांनी खोटा ताळेबंद उभा केला तो माझ्या मालावर, आणि त्याला पुरावा म्हणून बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी किती ते ऑडिटरसाठी कबूल करणाऱ्या पत्रावर, माझीच सही घेतली. ती आठवली की आजही रात्री झोप लागत नाही.

तारीख ११ एप्रिल २०२३. पेमेंटसाठी गेलो होतो. अकाउंट्सवाले जेवायला गेलेले, म्हणून खाली स्टोअरमध्ये टेकलो. समोरच्या रॅकवर माझेच निळे क्रेट. टॅगवर आमच्या हेल्परचं अक्षर, 'स्पेसर ४२, १८/११'. नोव्हेंबरचा माल! गंज लागू नये म्हणून आम्ही गुंडाळलेला पिवळा व्हीसीआय कागद जसाच्या तसा, टेपसुद्धा सुटलेली नाही. त्याखाली डिसेंबरचे क्रेट, त्याखाली जानेवारीचे. ज्या मालासाठी हे लोक रात्री दहाला फोन करून "दादा, लाइन थांबलीय, सकाळी गाडी पाठवाच" म्हणायचे, तो त्यांनी पाच महिने उघडलाही नव्हता. स्टोअरच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, हे हलवायचं नाही, बँकेचं इन्स्पेक्शन असतं."

याहून स्पष्ट कोण सांगणार होतं? तिथून उठून सरळ वकिलाकडे जायला हवं होतं. मी जिना चढून वर गेलो, चहा घेतला आणि त्यांनी पुढे केलेल्या पत्रावर सही केली.

पत्रात लिहिलं होतं की ३१ मार्च २०२३ रोजी त्यांच्या पुस्तकांप्रमाणे माझी येणे बाकी ४,१२,५०० रुपये. मी विचारलं, उरलेले साडेचौदा लाख कुठे? "दादा, त्या बिलांची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) लागलेली नाही, एप्रिलमध्ये बुक करतो. ऑडिटर बसलेत, नुसती फॉर्मॅलिटी आहे." आणि टेबलावर नऊ लाखांच्या नव्या पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, प्रिंट ठेवला. शिक्का माझ्या बॅगेतच होता. उमटवला.

'एवढं दिसत असून सही केलीस कशी' असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या जागी उभं राहून बघावं. अकरा वर्षांत या कंपनीच्या मालकाने एक रुपया बुडवला नव्हता. पैसे उशिरा यायचे, पण यायचे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी फोन बंद ठेवले होते तेव्हा याच कंपनीने मला दीड लाख ॲडव्हान्स दिला होता. दर महिन्याच्या ५ तारखेला मशीनचा ४८,२०० रुपये हप्ता जातो. नवी ऑर्डर दाखवणाऱ्याशी त्या वेळी मी भांडलो असतो का? नाही. उलट त्या पीओच्या भरवशावर ३,४०,००० रुपयांचा धातूचा बार, म्हणजे कच्चा माल, आणून ठेवला. तो प्रिंट होता, सही-शिक्क्याची पीओ कधी आलीच नाही.

हे कसं चालतं ते माझ्या सीएने नंतर समजावलं. माल आला तो स्टॉकमध्ये मोजला. बिल मात्र बुक केलं नाही, म्हणजे खरेदीही नाही आणि देणंही नाही. जीएसटी वगळला तरी माझ्या एकट्याच्या बिलांमुळे त्यांचा नफा १२ लाख ३० हजारांनी वाढला. असे आम्ही किती पुरवठादार असू! शिवाय बँक सीसीची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाची, ड्रॉइंग पॉवर (किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा) काढते तेव्हा पैसे न दिलेला माल स्टॉकमधून वजा करते. देणंच लपवलं की वजा काय करणार? माझे क्रेट रॅकवर कशासाठी ठेवले होते ते तेव्हा कळलं.

सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंचं ७ जानेवारी २००९चं कबुलीपत्र आठवत असेल. ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नाहीच, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच पत्रात १,२३० कोटींचं देणं कमी दाखवल्याचीही कबुली होती. ते मोठ्यांचं प्रकरण म्हणून मी पेपर घडी करून ठेवला होता.

ऑडिटरवर माझा जास्त राग आहे. माझी २३ बिलं मी वेळेवर जीएसटी पोर्टलवर भरली होती, ती त्यांच्या २बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेली बिलं खरेदीदाराला दाखवणाऱ्या जीएसटीच्या उताऱ्यात, दिसत होती. खरेदीच्या वहीशी एकदा ताडून पाहिलं असतं तर तासाभरात उघडं पडलं असतं. माझं पत्र फाइलला लावलं आणि विषय संपवला.

मोठी उधारी देण्याआधी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरा आणि ताळेबंद काढा. मी पैसे अडकल्यावर काढला. नफा २ कोटी १४ लाख, आणि त्याच वर्षी कामकाजातून आलेली रोकड उणे ३ कोटी ८० लाख. ग्राहकांकडून येणी एका वर्षात ६ कोटींवरून १४ कोटींवर. नफ्याचा आकडा बघूच नका, रोकडीचा बघा.

जूनमध्ये पाच लाखांचा चेक दिला. "आता टाकू नका, सांगतो तेव्हा टाका." तीन महिने उलटले, चेक रद्दी झाला. कोणाच्याही सांगण्यावरून चेक घरात ठेवू नका. चेक न वटता परत आला तर ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

चौकीत गेलो. "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." वर अर्ज केला तर रक्कम लहान म्हणून परत त्याच चौकीत. त्यांच्या बँकेत जाऊन सांगितलं की तुमच्याकडे गहाण असलेल्या स्टॉकचे पैसे मला मिळालेले नाहीत. मॅनेजर म्हणाले, तुम्ही आमचे खातेदार नाही. अहो, तुमचेच पैसे बुडतायत हे सांगायला आलोय! ऐकून घेतलं नाही. ऑगस्टमध्ये एमएसएमईच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या, सरकारी परिषदेत अर्ज केला. कायदा म्हणतो ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा. पाच महिन्यांत एक तारीख मिळाली, त्या दिवशी समोरचं कोणी आलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये बँकेच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सगळ्या कारवायांना स्थगिती. मला स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर मार्च २०२०पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते. एक कोटीची थकबाकी सोसून माझ्यासारखा माणूस उभा राहील का? कोणी विचार केला हा कायदा बदलताना?

दिवाळखोरीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा भरला. उत्तर आलं: ४,१२,५०० मान्य, उरलेले १४,५१,८२० 'पडताळणीखाली'. सोबत माझ्याच सहीच्या पत्राची झेरॉक्स. आणि मान्य झालेल्या रकमेतही आमचा नंबर बँकेच्या खूप मागे. न आलेल्या या पैशांवर २,८४,३८८ रुपये जीएसटी मी केव्हाच खिशातून भरलाय, तो परत मिळत नाही.

असं पत्र आलं तर आपल्या लेजरप्रमाणे (खातेवहीप्रमाणे) पूर्ण रक्कम त्याच कागदावर हाताने लिहा, मगच सही. लघुउद्योग म्हणून सरकारकडची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. मालासोबतच्या चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. माझ्या २३पैकी १९ चलनांवर तो आहे, आता सगळी भिस्त त्यावरच.

याच कंपनीचे आणखी सहा पुरवठादार मला सापडलेत. त्यांतल्या चौघांनी तसल्याच पत्रावर सही केली आहे. पुढच्या आठवड्यात चलनं आणि २बीचे उतारे घेऊन आम्ही एकत्र लेखी हरकत देतोय. तुमचीही सही अशा पत्रावर असेल तर गप्प बसू नका, चलनं शोधा आणि आमच्यात या.