'सुपर सिंपल साँग्ज': तीन ते सहा वयासाठी चांगलं, पण एकट्याने नाही

जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी सुरू केलेलं हे लहान मुलांच्या इंग्रजी गाण्यांचं यूट्यूब चॅनल. चाल संथ, शब्द मोजके, तीच ओळ पुन्हा पुन्हा. म्हणूनच मराठी माध्यमातल्या बालवाडीच्या मुलांनाही झेपतं.

एक गाणं आठवडाभर पुरवा. आधी हावभाव करत ऐकवा, मग ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबवा आणि तो मुलाला म्हणू द्या. वेग जास्त वाटला तर साध्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये तो ०.७५ करा.

मुख्य अडचण वेगळीच आहे. मूल अख्खी ओळ एकाच दमात पोपटासारखी म्हणतं, पण त्यातला 'अ‍ॅपल' सुटा ओळखत नाही. त्यासाठी व्हिडिओ बंद करून शब्द बदलायचे: सफरचंदाच्या जागी केळं, चेंडूच्या जागी डबा. पडदा हे करून देत नाही. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. हेही कार्टूनच्या तोंडावर दिसत नाही, तुम्हीच दाखवा.

बर्फाची गाणी दादर-परळच्या पोराला परकी वाटणारच, ती खुशाल वगळा.

एरवी यूट्यूब किड्सवर, म्हणजे मुलांसाठीच्या वेगळ्या अ‍ॅपवर लावा. तिथे टायमर आहे, शोध बंद करता येतो. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, मात्र बंद आहे ना ते आठवणीने पाहा.