क्यूआर, गेटवे की कॅश ऑन डिलिव्हरी? घरगुती फराळ ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी

नवरात्र आलं की चार-पाच जणी तरी मला तोच प्रश्न विचारतात. "ताई, वेबसाइट तयार झाली, आता पैसे घ्यायचे कसे?" आणि लगेच पुढचा, "गेटवेवाले दोन टक्के कापतात म्हणे. क्यूआर फुकट आहे, मग तोच बरा ना?" (गेटवे म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाकडून कार्डाने, यूपीआयने पैसे घेऊन आपल्याला पोचवणारी कंपनी.) कोथरूडमधल्या घरून मी सात वर्षं फराळ पाठवते आहे. तिन्ही मार्गांनी पैसे घेतले, तिन्हींत कधी ना कधी नुकसान सोसलं. टक्के बघून निवडू नका, हे माझं मत आधीच सांगते. व्यवहार बिघडला तर तो कोणाच्या अंगावर येतो, ते बघा.

सगळ्यांची सुरुवात क्यूआरनेच होते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतं, आपण क्यूआर पाठवतो, तिकडून स्क्रीनशॉट येतो. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, नाही. पैसेही लगेच खात्यात येतात. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील, त्याही ओळखीच्या, तर खुशाल क्यूआरवर चालवा.

ऑर्डरी वाढल्या की मात्र त्रास सुरू होतो. तीन वर्षांपूर्वीची वसुबारसेची संध्याकाळ. कढईत अनारसे, फोनवर मेसेजवर मेसेज. त्यात २,४०० रुपयांचा एक स्क्रीनशॉट आला. हिरवी खूण, माझं नाव, तारीख, वेळ, बारा आकडी संदर्भ क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. मी डबा कुरियरच्या मुलाच्या हातात दिला. रात्री वही घेऊन बसले तर तो क्रमांक खात्यात कुठेच सापडेना. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तेव्हा कळलं, रकमेचे आकडे शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होते. त्या दिवसापासून आमच्याकडे स्क्रीनशॉट कोणी बघतही नाही. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली तरच डबा दाराबाहेर जातो. मदतीला येणाऱ्या मुलींनाही एक गोष्ट पक्की सांगून ठेवली आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

दुसरा धोका फारसं कोणी सांगत नाही. कोणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरत फिरत तुमच्या खात्यात आले आणि त्या माणसाने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, तर तेवढी रक्कम अडकते, कधी अख्खं खातंच गोठतं. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. एका अनोळखी ऑर्डरीपायी तिचं घरखर्चाचं खातं बंद पडलं, मुलाची फीसुद्धा त्यातूनच जायची. परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करताना तिची दिवाळी गेली. म्हणून क्यूआर वापरायचा तरी शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी करून चालू खातं काढा आणि त्याच खात्यावर दुकानदाराचा क्यूआर घ्या. घरचं बचत खातं धंद्यात आणू नका. व्यक्तीच्या क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डाचं यूपीआय चालत नाही, दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, हा वरचा फायदा.

आता गेटवे. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीॲव्हेन्यू ही त्यातली ओळखीची नावं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये अशा पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी नियम आणले. त्यांनी गिऱ्हाइकाचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त अशाच पैशांसाठी असलेल्या बँक खात्यात, वेगळा ठेवायचा असतो. तिथून तो साधारण एक-दोन कामाच्या दिवसांत आपल्याकडे येतो. दिवाळीत बँका बंद असल्या की हे दिवस लांबतात, आणि मार्केट यार्डातला भुसार व्यापारी बेसन-रव्याचे पैसे तेव्हाच मागतो. तेवढी रोकड आधीच बाजूला काढा.

दर ठरवण्यावर असतो, पण साधारण दोन टक्के आणि जिथे लागेल तिथे त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. जीएसटीसकट १,५०० रुपयांच्या डब्यावर ३५ रुपये ४० पैसे. यूपीआयवर एमडीआर नसला तरी गेटवे स्वतःची सेवा फी लावू शकतो, तेव्हा करारातलं ते कलम नीट वाचा.

या ३५ रुपयांत काय मिळतं? पैसे आले की नाही, हे गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या साइटला कळवतो. साइट करून देणाऱ्याला एवढं जरूर विचारा: "ऑर्डर पक्की कशावरून होते, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर 'यशस्वी' दिसलं यावरून, की गेटवेच्या वेबहूकवरून, म्हणजे त्याच्या सर्व्हरच्या थेट निरोपावरून?" उत्तर वेबहूकच हवं. स्क्रीनवरचं पान खोटं उभं करता येतं. कार्डाचा नंबर तुमच्याकडे साठत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने तो साठवायचाही नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली क्रमांक, असतं. पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, अशी तक्रार आली तर घाबरून लगेच स्वतःच्या खिशातून परत करू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. खिशातून दिलेत तर तेच पैसे दोनदा जातात.

पण गेटवे घेतला म्हणून सगळी जोखीम टळत नाही. कार्डवाला त्याच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागू शकतो. ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात "कार्ड मी वापरलंच नाही" हा दावा सहसा आपल्यावर येत नाही. "डबा मिळालाच नाही" हा मात्र येतो, आणि ठरलेल्या मुदतीत पुरावा दिला नाही तर पैसे जातात. म्हणून बिल, कुरियरची पोचपावती आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं एका जागी ठेवा. परदेशातल्या कार्डांना अनेकदा ओटीपी नसतो, कमिशनही जास्त असतं. अमेरिकेत डबा पाठवायचा असेल तर मोठ्या अनोळखी ऑर्डरीला मी आधी फोन करते, मगच घाणा काढते.

कॅश ऑन डिलिव्हरीवर मी थोडक्यात आणि स्पष्ट सांगते: फराळासाठी नको. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. माझा डबा नागपूरहून नऊ दिवसांनी परत आला तेव्हा चकल्यांचा चुरा झाला होता, चिवडा सादळला होता आणि करंज्यांना वास येत होता. माल गेला, जाण्या-येण्याचं भाडंही गेलं. दहा डब्यांचं गेटवे कमिशन ३५४ रुपये होतं, एका परत आलेल्या डब्याचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त. शिवाय गोळा झालेले पैसे कुरियर कंपनी काही दिवसांनी देते. वयस्कर गिऱ्हाईक रोखीवरच अडून बसलं तर पुण्यातल्या पुण्यात, २०० रुपये आगाऊ घेऊन आणि फोनवर पत्ता पक्का करूनच द्या.

मग तुमच्यासाठी काय? पहिल्या दिवाळीला, ओळखीतल्याच ऑर्डरी असतील तर चालू खात्यावरचा क्यूआर. अनोळखी गिऱ्हाईक साइटवर येऊ लागलं, की लगेच गेटवे. दिवसाला दहा ऑर्डरींच्या पुढे हाताने खातं तपासणं कोणालाच जमत नाही, मलाही जमलं नाही. गेटवेचा अर्ज गणपती उठले की करा. पॅन, खात्याचा पुरावा आणि साइटवर परताव्याच्या अटींचं पान लागतं, केवायसीला दिवस जातात. दिवाळीत उलाढाल एकदम वाढणार आहे हे त्यांना आधी लेखी कळवा. अचानक वाढलेली विक्री संशयास्पद वाटून एकदा माझे पैसे ऐन धनत्रयोदशीला तपासणीसाठी रोखले गेले होते. ते सुटले भाऊबीज उलटल्यावर.