नागपूरच्या धंतोलीतल्या वकील मॅडम: फी हजार रुपये, जिना तीन मजले

पाचपैकी चार तारे. एक जिन्यासाठी कापला. सिझर होऊन सहा महिने झालेल्या बाईने कडेवर पोरगी घेऊन तीन मजले चढायचे, म्हणजे पहिला घाम तिथेच. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे म्हणे, आणि मी गेले तेव्हा होळी आली होती.

गोष्ट मार्च 2024 ची. मिहानकडच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होते. 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. परतले तर पाळणाघर ‘प्रोसेसमध्ये’. पन्नास माणसं असली की ते द्यावं लागतं, आमच्याकडे दोनशेच्या वर होती. सासूबाई काटोलला, आईचे गुडघे गेलेले. एकोणिसाव्या दिवशी राजीनामा टाकला. लगेच एचआरचा मेल: रजेतला सगळा पगार परत करा, तोवर फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, विसरा. नियुक्तीपत्रात तसं कलम आहे म्हणे. काढून पाहिलं तर खरंच होतं, सहाव्या पानावर, खाली माझी सही. बाप्पा! रात्रभर झोप नाही. पोरीलाही नव्हती, पण ते रोजचंच.

मैत्रिणीने या मॅडम सुचवल्या. उज्ज्वल नगरहून मेट्रोने काँग्रेस नगर, पुढे ऑटो.

त्यांचा पहिला प्रश्न, “ईएसआय कापत होते का?” म्हणजे सरकारी कामगार विमा. माझा पगार 21 हजारांच्या वर, म्हणून नाही. कापत असते तर रजेचे पैसे ईएसआयसीने दिले असते, कंपनीने नाही. मग तेव्हा (2025 पर्यंत) लागू असलेला 1961 चा मातृत्व लाभ कायदा उघडून माझ्यापुढे सरकवला. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम हवं. रजेनंतर किती दिवस टिकायचं, याची ओळच नव्हती. त्यातल्या कलम 27 प्रमाणे कायद्याच्या विरुद्ध जाणारा करार सही असली तरी चालत नव्हता. “कर्ज दिलं होतं का त्यांनी तुम्हाला? मग परत काहून मागतात?”

मी खूश. तेवढ्यात त्यांनी मलाच धरलं. नोटीस पिरियड महिन्याचा, मी बारा दिवसांत निघालेली. “उरलेल्या अठरा दिवसांचे कापतील. त्यावर भांडू नका, तिथे तुम्ही चुकल्या आहात.” तोंड कडू झालं, पण खोटा दिलासा देणारे वकील मी नातेवाइकांत पुष्कळ पाहिलेत.

“आणि मेडिकल बोनसचे 3,500?” त्यांनी विचारलं. बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची देखभाल कंपनीने फुकट पुरवली नसेल, तर तेही द्यावे लागतात. अकाउंट्समध्ये बसून मला ते माहीत नव्हतं. लाज वाटली.

मी म्हटलं, नोटीस ठोका. तर म्हणाल्या, “नोटिशीचे माझे अडीच हजार होतील आणि त्यांचा वकील जागा होईल. आधी तुमच्याच नावाने मेल जाऊ द्या.” तिथेच लिहून घेतला. पाच ओळी, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फोन मात्र उचलत नाहीत. व्हॉट्सॲपला उत्तर येतं ते रात्री अकरानंतर. कूलर असून लावलेला नव्हता, पोरगी लालबुंद झाली. पावती मागावी लागते.

सतरा दिवसांनी कंपनीने वसुलीची मागणी सोडली. अठरा दिवसांचे कापून बाकी खात्यात आले, रिलिव्हिंग लेटरही आलं. 3,500 काही आले नाहीत. दर सोमवारी मेल टाकते.