१,१५० डॉलरला घेतलेला वाल्डनचा खोटा चाकू

जुने अमेरिकन घडीचे चाकू जमवणारे मराठी लोक फार नसतील. पण गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला विचारलं, "आम्हालाही एखादा घ्यायचाय, कुठला घेऊ?" त्यांना उत्तर देण्याआधी हे लिहून टाकतो. मी स्वतः फसलोय, आणि जिथे फसलो तिथे कुणीही फसू शकेल.

मी मूळचा कोल्हापूरचा, टूलरूममधला माणूस. डाय आणि मोल्डच्या कामात हात काळे करत मोठा झालो. बावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी न्यू यॉर्क राज्यात, हडसनच्या खोऱ्यात आलो. इथून अर्ध्या तासावर वाल्डन नावाचं छोटं गाव आहे, वॉलकिल नदीच्या धबधब्याला लागून. १८५२ मध्ये याच राज्यातल्या मॅटेवानला सुरू झालेली न्यू यॉर्क नाइफ कंपनी १८५६ मध्ये या गावात आली. पाण्यावर चाकं फिरायची, आणि सहाणेवर बसलेले कारागीर बरेचसे इंग्लंडच्या शेफील्डकडचे. पुढे तिथेच वाल्डन नाइफ कंपनी निघाली, १९०४ मध्ये श्रेड भावांनी आपला कारखाना टाकला. एवढ्याशा गावातून लाखो शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या, शाळकरी पोरांच्या खिशात चाकू गेले. न्यू यॉर्क नाइफ कंपनी १९३१ मध्ये मंदीत बंद पडली.

त्यांच्या 'हॅमर ब्रँड'चा चांगल्या अवस्थेतला चाकू हातात घेतला की सोडवत नाही. हाडाच्या मुठीवर कोरलेल्या बारीक खाचा खिशात घासून घासून मऊ झालेल्या असतात, खाचांच्या तळाशी मधासारखा रंग उरलेला असतो. दोन टोकांना जर्मन सिल्व्हरचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या. नखाने पातं ओढलं की अर्ध्यावर क्षणभर थांबतं आणि मग 'टक्' करून बसतं. शंभर वर्षांनंतरही तो आवाज तसाच येतो. आमच्या टूलरूममध्ये ज्याला 'फिटिंग' म्हणायचे ते हेच, आणि तेही हाताने केलेलं. म्हणून मला या कंपनीचं वेड लागलं.

गेल्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये भरलेल्या चाकूंच्या प्रदर्शनाला गेलो. तिथे एका टेबलावर पन्नाशीतला, अगदी शांत बोलणारा गृहस्थ बसला होता. त्याच्याकडे वाल्डनचं काहीच नव्हतं. साधे बार्लो, म्हणजे जुन्या घाटाचे स्वस्त खिशातले चाकू होते, आणि 'केस' या अमेरिकन कंपनीचे दोन-चार होते. मी एक बार्लो चाळीस डॉलरला घेतला आणि बोलत बसलो. खरं तर मीच बोलत होतो. वाल्डनबद्दल, हॅमर ब्रँडबद्दल, न्यू यॉर्क नाइफ कंपनीचा अध्यक्ष टॉमस ब्रॅडली याच्याबद्दल. हा ब्रॅडली इंग्लंडात जन्मलेला, लहानपणीच वाल्डनला आलेला. अमेरिकी यादवी युद्धात, १८६३ च्या चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत भर गोळीबारातून दारूगोळा आणला म्हणून त्याला मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं होतं. पुढे दहा वर्षं तो अमेरिकी काँग्रेसमध्येही होता. त्याच्या काळातला, कारखान्यातल्या कुणाच्या तरी घरातून आलेला चाकू मिळाला तर काय हवं, असंही मी बोलून गेलो. त्या माणसाने सगळं मन लावून ऐकलं. माझा नंबर लिहून घेतला.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. त्याच्या बायकोच्या माहेरचं घर आवरताना एक चाकू निघाला होता. तिचे पणजोबा वाल्डनच्या कारखान्यात होते म्हणे. चाकूबरोबर १९०८ सालचं एक पत्र होतं, "मिस्टर ब्रॅडली यांनी दिलेली भेट" असं सांगणारं.

मला त्या क्षणी शंका यायला हवी होती. महिन्यापूर्वी जे मी तोंडाने मागितलं होतं तेच, नावासकट, माझ्यासमोर येत होतं. पण मनात आलं ते वेगळंच: नशिबाने दिलंय, सोडू नकोस.

एका कॉफीच्या दुकानात भेटलो. दोन पात्यांचा चाकू, हाडाची मूठ, मुठीत बसवलेली छोटी ढाल (धातूची शोभेची पट्टी), पात्याच्या बुडावर 'न्यू यॉर्क नाइफ कंपनी, वाल्डन', मागच्या बाजूला हातोडा धरलेला हात. मी पत्र आधी वाचलं आणि चाकू नंतर पाहिला. १,१५० डॉलर रोख दिले. रोखच हवेत, कारण पैसे बायकोच्या भावंडांत वाटायचेत, असं तो म्हणाला. पावतीवर त्याने एवढंच लिहिलं: 'जुना चाकू, आहे त्या स्थितीत.' तेही मी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

चार महिने तो चाकू माझ्या टेबलावर होता. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवला. हिने तर पत्राला फ्रेम करायची म्हणून मापं घेतली होती.

मार्चमध्ये एका वयस्कर कारागिराकडे गेलो. आयुष्यभर चाकू दुरुस्त करत आलेला माणूस, मी त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी पत्राला हात लावला नाही. चाकू दिव्यासमोर धरला, पातं अर्धं उघडलं आणि मुठीत वरून बघितलं. मग माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बुडाच्या दोन्ही बाजूंना बघ."

पात्याचं बूड, म्हणजे ठसा असतो तो जाड भाग, दोन्ही बाजूंच्या पितळी पत्र्यांमध्ये घट्ट बसायला हवा. इथे एका बाजूला केसाएवढी फट होती. बूड घासून पातळ केलं होतं. मूळचा, कुठल्यातरी स्वस्त कंपनीचा ठसा कानशीने काढून त्या जागी नवा मारला होता. दहापट भिंगातून अक्षरं पाहिली तर प्रत्येक अक्षराच्या कडेला धातूची बारीक वरंबी उठलेली. कारखान्यात ठसा पातं कच्चं असताना मारतात. मग पोलादाला पाणी देतात, सहाणेवर घासतात, चकाकी आणतात. त्यात कडेचा धातू सपाट होऊन जातो. पाणी दिलेल्या पोलादावर ठसा नीट उठत नाही, म्हणून त्याने बुडाला आच देऊन ते मऊ केलं होतं. भिंगाखाली त्या आचेचा निळसर-तपकिरी डाग आतल्या कडेला दिसत होता. ज्या माणसाने पंचवीस वर्षं पोलादाला पाणी दिलं त्याला हे दिसायला हवं होतं. ही बोच पैशांपेक्षा जास्त आहे.

बोल्स्टरवर रिव्हेटचं गोल वर्तुळ दिसत होतं. जुन्या चांगल्या चाकूत रिव्हेट बोल्स्टरच्याच धातूची असते आणि घासून इतकी मिसळलेली असते की शोधून सापडत नाही. वर्तुळ दिसलं म्हणजे चाकू कधीतरी उघडलाय. मग आजोबांनी खोलीतला दिवा मालवला आणि अतिनील टॉर्च लावला. मुठीतल्या ढालीभोवती निळसर रेघ चमकली. आधुनिक गोंद. त्या काळी ढाल दोन बारीक खिळ्यांनी बसवायचे.

मग मीच टॉर्च पत्राकडे वळवला. कागद ट्यूबलाइटसारखा पेटला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती १९५० च्या सुमारास वापरात आली. १९०८ चा कागद असा चमकत नाही. हिला काय सांगायचं ते गाडी चालवताना सुचत नव्हतं.

फोन केला तर नंबर बंद. प्रदर्शनवाल्यांकडे त्या माणसाचं नाव होतं, पण टेबलाचं भाडं त्याने रोख भरलेलं आणि दिलेल्या पत्त्यावर तो राहत नव्हता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पावती पाहिली आणि सांगितलं की यावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, दिवाणी दावा करावा लागेल. दावा कुणावर करणार?

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी, आज मी काय करतो ते सांगतो. पहिली गोष्ट, मला काय हवंय ते विकणाऱ्याला सांगत नाही. टेबलावर आहे ते बघतो, प्रश्न विचारतो, गप्प बसतो. भिंग आणि टॉर्च खिशात असतात. गोष्ट सांगायला लागला की ऐकून घेतो, पण त्या गोष्टीचा एक डॉलरही मोजत नाही. पावतीवर कंपनीचं नाव, अंदाजे काळ आणि 'अस्सल, खोटा निघाल्यास तीस दिवसांत परत' एवढं लिहून मागतो. खरा व्यापारी लिहून देतो. तीनशे डॉलरच्या वर असेल तर क्रेडिट कार्डाशिवाय घेत नाही.

नवख्याने सुरुवात केसच्या चाकूंपासून करावी असं माझं मत. १९७० पासून त्यांच्या ठशाखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एकेक कमी होत गेला, त्यामुळे त्या दशकातल्या चाकूचं ठिपके मोजून साल कळतं. किंमतही आवाक्यात. असे वीस-पंचवीस खरे चाकू हाताळले की बोटांना खऱ्या फिटिंगची सवय होते. रेमिंग्टन कंपनीच्या, मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची ढाल असलेल्या 'बुलेट' चाकूंच्या मागे लगेच लागू नका. ते १९२० च्या दशकातले म्हणून विकले जातात, पण १९८२ पासून त्याच नावाने नवे निघाले आहेत. नवे म्हणून ते उत्तमच आहेत, फक्त काही लोक त्यांना घासून, काळं करून म्हातारं करतात. आणि नुसतं 'हॅमर ब्रँड' लिहिलंय म्हणून वाल्डन समजू नका. कंपनी बंद पडल्यावर ते नाव ऱ्होड आयलंडच्या इम्पीरियल कंपनीकडे गेलं आणि पत्र्याच्या मुठीच्या स्वस्त चाकूंवर लागलं.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या संग्राहकाने तो चाकू तीनशेला मागितला. खोटा आहे हे सांगितल्यावरही. "मला माहितीये, मी बघून घेईन," म्हणाला. काय बघून घेणार ते मला कळलं. त्याच संध्याकाळी गराजमध्ये चाकू पकडीत धरला आणि कोरायच्या यंत्राने दोन्ही पात्यांवर, एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत, 'खोटा' असं खोल कोरून टाकलं. पत्र त्याच डब्यात ठेवलंय, वर तारीख आणि मी दिलेली किंमत लिहून.