पिकअपला साधे प्लग की इरिडियम?

पहाटे सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, त्यात एखादी तरी गाडी गचके खात पुढे सरकत असते. शेजारचा ड्रायव्हर खिडकीतूनच निदान करतो, "प्लग गेले मालक, इरिडियम टाका." बरेचदा सल्ला देणारा स्वतः डिझेल बोलेरोत बसलेला असतो, आणि तिच्यात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा स्पार्क प्लगच नसतो! डिझेल दाबाच्या उष्णतेनं पेटतं. तिथं असतो तो ग्लो प्लग, मिस्त्री लोकांचा हीटर प्लग. म्हणून पुढचं सगळं पेट्रोल-सीएनजीवाल्यांसाठी. पेट्रोलच्या छोट्या हत्तीला २ प्लग लागतात, टाटाच्याच इंट्रा व्ही २० ला ३, मारुतीच्या सुपर कॅरीला ४.

साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं आणि आतला गाभा तांब्याचा, म्हणून काही दुकानदार त्याला कॉपर प्लग म्हणतात. शे-दोनशे रुपयांत येतो. ठिणगीगणिक टोक झिजतं, ठिणगी जिथं पडते ती फट वाढते आणि तीच ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे प्लगला व्होल्टेज देणाऱ्या भागाला, जास्त जोर लावावा लागतो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम २,४४६ ला. त्यामुळे इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते. किंमत मात्र साध्याच्या चारपट धरा. प्लॅटिनम या दोघांच्या मधे बसतो. आपल्या गाड्यांसाठी मी त्याच्या वाटेला जात नाही.

आता गॅसची गोष्ट, कारण खरा फरक तिथं पडतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर झिजतो. पेट्रोलवर साधा प्लग ३०-४० हजार किलोमीटर काढतो; गॅसवर मी २० हजारांना बदलूनच टाकतो. इरिडियम पेट्रोलवर ८० हजार ते लाखभर जातो, पण गॅसवर मी ५०-६० हजारच धरतो. पुडक्यावर लाखाचा आकडा वाचून निर्धास्त राहू नका.

हिशोब मांडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरी उचलून गावातल्या गावात पोचवणारी गाडी दिवसाला ४० किलोमीटर धरली, तर महिन्याच्या २६ दिवसांत साधारण हजार होतात. गॅसवरही साधे प्लग दीड वर्षाहून जास्त चालतील. इथं इरिडियम म्हणजे नुसती हौस. पण पंढरपूर, बार्शी, तुळजापूर करत रोज १२० किलोमीटर पळणाऱ्या गाडीला साधे प्लग सहा-सात महिन्यांनी बदलावे लागतात. सुपर कॅरीत इंजिन सीटखाली असतं, म्हणजे दर वेळी सीट उचला, कॉइल काढा, अर्ध्या दिवसाचं भाडं बुडवा. अशा गाडीला मी इरिडियमच सांगेन, आणि तेही प्लगच्या पैशांसाठी नव्हे, बुडणाऱ्या खेपांसाठी. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून मात्र घेऊ नका. झिजलेला प्लग काढून कुठलाही नवा टाकला तरी अ‍ॅव्हरेज सुधारतं.

"सोलापूरचं ऊन ४३ अंशांवर जातं, थंड नंबरचा प्लग टाका," असंही कोणी सांगेल. थंड म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर काढणारा. पण गाडीच्या पुस्तिकेतला नंबर सोडू नका. बाहेर कितीही तापलं तरी इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. शिवाय एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश कंपनीचा वाढला की गरम. एकाचा नंबर पाहून दुसऱ्याचा घेतला की घोळ झालाच.

बदलायची वेळ ओळखायची खूण साधी आहे. पेट्रोलवर गाडी नीट आणि गॅसवर चढाला मिसिंग (एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही, गाडी गचके खाते), तर पहिला संशय प्लग-कॉइलवर घ्या, कारण कमजोर ठिणगी आधी गॅसवरच उघडी पडते. मग दोन सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलून बघा. मिसिंग कॉइलबरोबर दुसरीकडे गेलं, तर दोष कॉइलचा. प्लगवर खर्च कशाला?

स्वतः करायचं की मिस्त्रीकडे? प्लग पाना आणि धीर असेल तर स्वतः करा. इंजिन पूर्ण गार हवं. आपल्या धुळीत प्लगभोवती मातीचा थरच बसलेला असतो, तो हवेनं उडवल्याशिवाय पाना लावू नका, नाहीतर ती माती सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हातानंच फिरवत न्यायचा. वायसर असलेला प्लग टेकला की पान्यानं अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस्स. इरिडियमची फट, फट मोजायच्या जुन्या तारेच्या गेजनं उघडायला जाऊ नका, टोक तुटतं. एका गॅरेजमध्ये पोऱ्यानं माझ्या तापलेल्या इंजिनात प्लग तिरका बसवून पान्यानं आवळला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले आणि गाडी तीन दिवस उभी राहिली. तेव्हापासून कोणाकडेही गेलो तरी पहिले चार फेरे हातानं दिले का, ते उभं राहून बघतो.

काढलेले प्लग फेकू देऊ नका, सिलिंडरच्या क्रमानं मांडून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय. एखादा तेलानं ओला निघाला, तर इरिडियमचा विचार सध्या बाजूला ठेवा, साधाच बसवा. ते पैसे आधी तेल अडवणाऱ्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलला लागणार आहेत.