रिंग पेसरी, आठ महिने वापरून

अंग बाहेर येतंय हे मला चार वर्षं माहीत होतं, सांगितलं मात्र कोणालाच नाही. वय 57, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकटा 3.8 किलोचा, त्यात लालबागच्या चाळीत पहाटे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायचं, जन्माचं बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यावर उरलंसुरलं होतं तेही सैल पडलं. सकाळी काही वाटायचं नाही, पण संध्याकाळी करी रोडचा ब्रिज चढेपर्यंत खाली लिंबाएवढं काहीतरी घासायला लागायचं. पिशवी काढायची तयारी होती माझी, पण लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, म्हटलं आधी रिंग पेसरी, म्हणजे खाली उतरलेली पिशवी आतून उचलून धरणारी गोल कडी, घालून बघू.

पहिली 65 मिलीमीटरची. घातली आणि दिलं घरी पाठवून, तिसऱ्या दिवशी संडासात जोर केला तर बाहेर! हातपायच गळाले माझे. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी 70 ची बसवली आणि म्हणाल्या, आता चाला, उकिडव्या बसा, खोका, लघवीला जाऊन या, मगच सोडते. हे पहिल्याच वेळी करायला नको होतं का कोणी? नीट बसली की आत काही आहे हे कळतसुद्धा नाही.

सिलिकॉनची आहे, दुमडून घालायची. आठवड्यातून एकदा रात्री मीच काढते, एक पाय स्टुलावर, बोट अडकवून ओढायची, साध्या साबणाने धुवायची, सकाळी परत आत. पहिल्यांदा अर्धा तास लागला, बाहेरून सून दार वाजवतेय, आता दोन मिनिटं. ज्यांना जमत नाही त्यांना दर तीनेक महिन्यांनी डॉक्टर काढून धुवून देतात. आत घासून जखम होऊ नये म्हणून इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, तरी पांढरं थोडं जास्त जातं. रक्त दिसलं तर मात्र तडक दाखवायचं.

तक्रार एकच, रिंग बसल्यापासून शिंकलं की लघवीचे थेंब. म्हणे आधी खाली आलेल्या अंगाने लघवीची नळी मुडपलेली होती, ती सरळ झाली! कीगलचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे, ते करते, कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर. रिंगने बरं काही होत नाही, नुसतं उचलून धरलं जातं, ऑपरेशन बहुतेक करेनच कधीतरी. पण यंदा गणपतीत ओट्याशी उभी राहून एकवीस मोदक वळले, गेल्या वर्षी दर पाच मोदकांमागे आत जाऊन आडवी होत होते.